वन्स ब्रूड (उत्तर इंग्लंडमधल्या रोमनकालीन हेड्रियनच्या भिंतीजवळचं गाव) : गाडीशिवाय एका दिवसात काय काय होईल?

प्रश्न: न्यूकॅसलहून मे महिन्यात जायचंय. सोबत सत्तरीचे बाबा. व्हिंडोलांडा आणि हाउसस्टेड्स हे रोमन किल्ले, आणि भिंतीवरची सिकॅमोर गॅप ही खिंड, तिन्ही जमेल का?

प्रतिसाद १: तिन्ही म्हणजे धावपळ. न्यूकॅसल–कार्लाइल मार्गावरच्या हेक्सम किंवा हॉल्टव्हिसल स्टेशनला उतरून एडी१२२ बस घ्या (भिंतीचं काम इ.स. १२२ मध्ये सुरू झालं, त्यावरून हा क्रमांक). बस हंगामीच असते आणि फेऱ्या मोजक्या, त्यामुळे परतीची वेळ आधी ठरवा, मग बाकीचं.

व्हिंडोलांडाला निदान तीन तास द्या. लाकडी पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली रोमन पत्रं १९७३ पासून तिथे सापडत आली आहेत. बहुतेक ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, पण काही इथेही पाहायला मिळतात. खोल, ओल्या मातीत हवा पोचली नाही म्हणून लाकूड-चामडं टिकलं.

प्रतिसाद २: बाबांना हाउसस्टेड्सचा चढ जड जाईल. बसथांब्यापासून किल्ल्यापर्यंत सुमारे ८०० मीटर चढ चालावा लागतो. स्टील रिगच्या वाहनतळाहून भिंतीकडेने सिकॅमोर गॅपला जाताना दगडी पायऱ्या खूप उभ्या आहेत, पावसात तर घसरड्याच. आणि त्या खिंडीतलं प्रसिद्ध सिकॅमोरचं झाड सप्टेंबर २०२३ मध्ये दोघांनी कापलं. आता बुंध्याला फुटवे आलेत, तेवढेच.

प्रतिसाद ३: तिकिटाचा घोळ लक्षात ठेवा. इंग्लिश हेरिटेज किंवा नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं सांभाळणाऱ्या संस्थांचं सदस्यत्व हाउसस्टेड्सला चालतं. व्हिंडोलांडा वेगळ्या ट्रस्टकडे आहे, तिथे तिकीट वेगळं. मेमध्येही वारा बोचरा असतो. छत्री नको, रेनकोट घ्या.