मुंबई–लंडन: 8,900 किमी की 7,200? आणि सव्वापाच तासांत कसं पोचतात?

विजापूर वेस:
आई-बाबा सोलापुरात असतात, डिसेंबरात मुंबईहून लंडनला (हीथ्रो विमानतळ) जाणार आहेत. अंतर काढायला बसलो: 32.4 अंश उत्तरेला, 73.3 अंश पश्चिमेला, अंशाला 111 किमी धरून पायथागोरस लावला तर 8,900 किमी येतात. नेटवर सगळीकडे 7,200. तिकिटावर दुपारी 1:30 ला सुटून संध्याकाळी 6:45 ला पोच, परतीला रात्री 9 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 11:30. नेमकं काय धरायचं?

चाटी गल्ली:
7,200 बरोबर आहे. अक्षांशाचा अंश सगळीकडे साधारण 111 किमी, रेखांशाचा मात्र ध्रुवाकडे आकसत जातो. मुंबईपाशी तो 105 किमी, हीथ्रोपाशी जेमतेम 69. तुमच्या जादा 1,700 पैकी बहुतेक किमी तिथेच फुगले. मधल्या अक्षांशाचे 91 धरले तरी 7,580 येतात, कारण पायथागोरस सपाट कागदावर चालतो, गोलावर नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून बघा (सोलापुरात सुताची काय वानवा!). तो मुंबईहून वायव्येला पाकिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन असा जातो.

होटगी रोडकर:
आणि नेमकी तीच रेघ विमानाला सरळ धरता येत नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद. पाकिस्ताननं एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना दार लावलं. वळसा किती पडतो ते कंपनीवर आणि त्या दिवशीच्या परिस्थितीवर.

वेळेचं म्हणाल तर तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ असते. डिसेंबरात लंडन साडेपाच तास मागे, म्हणजे जाताना 5:15 + 5:30 = 10 तास 45 मिनिटं. येताना 14:30 मधून तेवढेच वजा केले की 9 तास. (मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार. इथे बरेच जण चुकतात.)

पावणेदोन तासांचा फरक वाऱ्यामुळे. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, हिवाळ्यात जास्तच. उदाहरणादाखल वळशासकट 7,700 किमी, विमानाचा वेग 900, वारा सरासरी 90 धरा. जाताना 810 च्या वेगानं साडेनऊ तास, येताना 990 नं पावणेआठ. उरलेला सव्वा तास गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगणं, चढण-उतरण आणि हीथ्रोवर घिरट्या यांत जातो. तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, वरचं गणित फक्त उडणं मोजतं.

विजापूर वेस:
आता उमगलं. हैदराबादहून जवळ पडेल का?

चाटी गल्ली:
उलट. हैदराबाद–हीथ्रो 7,750 किमी. साडेपाचशे जास्त, म्हणजे पाऊण तासाच्या आत-बाहेर.

होटगी रोडकर:
1:30 च्या विमानाला साडेदहाला टर्मिनल 2 वर हवं. सकाळची वंदे भारत दुपारी पोचते, उपयोग नाही. आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस घ्या. दादरला उतरून टॅक्सी, किंवा बॅगा झेपत असतील तर सीएसएमटीवरून मेट्रो 3 थेट टर्मिनल 2 ला. परतीला 11:30 ला उतरून इमिग्रेशन-बॅगांत दीड तास गेला तरी चारच्या सुमाराची वंदे भारत मिळते. ती आठवड्यातून एक दिवस नसते, तो वार आधी बघा.