५० व्होल्टमध्ये अणूचा इलेक्ट्रॉन कसा सुटतो?

हवेत ठिणगी पडायला सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट लागतात, मग रिडबर्ग अणूचं (ज्याचा इलेक्ट्रॉन खूप वरच्या ऊर्जापातळीत नेलेला असतो अशा अणूचं) आयनीभवन, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटून जाणं, सेंटिमीटरला ५० व्होल्टमध्ये कसं होईल, ही शंका अगदी रास्त आहे. नागपुरात बी.एस्सी.च्या वर्गात मला हाच प्रश्न हमखास विचारला जातो.

ठिणगीत विद्युत क्षेत्र अणूला थेट तोडत नाही. ते मोकळ्या इलेक्ट्रॉनांना वेग देतं आणि त्यांच्या टकरांमधून पुढची साखळी सुरू होते. रिडबर्ग अणूत मात्र क्षेत्र स्वतःच काम करतं. केंद्रकाचं आकर्षण आणि बाहेरचं क्षेत्र मिळून विभवाची, म्हणजे इलेक्ट्रॉनला अडवणाऱ्या ऊर्जेच्या बांधाची, कड एका बाजूला खाली झुकते. अंबाझरी तलाव भरला की पाणी बांधाच्या सगळ्यात खालच्या जागेवरून सांडतं, तसा इलेक्ट्रॉन तिथून निसटतो.

लागणारं क्षेत्र मुख्य पुंजांकाच्या (इलेक्ट्रॉनच्या पातळीच्या क्रमांकाच्या) चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतं. पुंजांक ३० असेल तर सेंटिमीटरला सुमारे ४०० व्होल्ट, ५० असेल तर जेमतेम ५१! (हा ढोबळ, अभिजात हिशोब, विद्युत क्षेत्रात पातळी फुटून होणाऱ्या स्टार्क पातळ्यांनुसार आकडा सरकतो.) क्षेत्र हळूहळू वाढवलं तर वरच्या पातळीतले अणू आधी आयनित होतात, म्हणून कोणता अणू कुठल्या पातळीत होता ते कळतं. पॅरिसला भौतिकशास्त्रज्ञ सर्ज आरोश यांनी ५० आणि ५१ या पातळ्या अशाच ओळखल्या. २०१२ चं नोबेल त्याच प्रयोगांसाठी. मला ही पद्धत फार देखणी वाटते.

उष्णतेचाही विचार हवा. ५० व्या पातळीची बंधनऊर्जा ५.४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना औष्णिक ऊर्जा सुमारे २७. उपकरणाच्या नुसत्या भिंतींचं उष्णतेचं प्रारणही अशा अणूला शेजारच्या पातळ्यांत ढकलतं, म्हणून आरोश यांची पोकळी (अणू ज्यांच्या मधून जात ती आरशांची जोडी) ०.८ केल्विनपर्यंत थंड केलेली होती.