सल्ला हवा : फारशी चर्चा न झालेली मिनिमल टेक्नो रेकॉर्ड

निवांत :
मिनिमल टेक्नो (मोजक्याच आवाजांचं, ठोक्यांवर चालणारं इलेक्ट्रॉनिक संगीत) ऐकायला लागून फार काळ झालेला नाही. रॉबर्ट हूडची 'मिनिमल नेशन' (१९९४) आणि प्लास्टिकमॅनची 'कन्झ्यूम्ड' (१९९८) दोन्ही मनापासून आवडल्या. पण पुढे काय ऐकू असं विचारलं की फिरून फिरून तीच चार-पाच नावं येतात. नाचण्यासाठी नकोय. हेडफोन लावून सलग, लक्ष देऊन ऐकायला हवंय. सुरावट नसली तरी चालेल, पण आवाजात गुंतून जाता आलं पाहिजे.

खर्ज :
फिनलंडच्या मिका वैनिओची 'मेत्री' ऐका, १९९४ची. त्यावर त्याने स्वतःचं नावही घातलेलं नाही, फक्त वर्तुळावर तिरपी रेघ असं चिन्ह आहे. नुसते शुद्ध टोन, घरघर आणि ठोका. थंड वाटेल, पण आवाज सुरुवातीलाच फार वाढवू नका, खालचा बेस अंगावर येतो.

तबकडीवेडा :
निवांत, तुम्हाला 'कन्झ्यूम्ड' आवडली ना, मग थॉमस ब्रिंकमानची 'कन्सेप्ट १ ९६:व्हीआर' ऐकाच. तीही १९९८चीच. तिच्याबद्दल कोणी बोलत का नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्लास्टिकमॅन म्हणजेच रिची हॉटिन. त्याने १९९६ साली 'कन्सेप्ट १' नावाने दर महिन्याला एक रेकॉर्ड काढली. अगदी कोरडं, हाडं मोजावीत असं संगीत. ब्रिंकमान कोलोनचा. त्याने स्वतः एक टर्नटेबल बनवून घेतला होता, त्याला दोन टोनआर्म (सुई धरणारे दांडे). दोन सुया एकाच रेकॉर्डवर, एकीचा आवाज डाव्या बाजूला, दुसरीचा उजव्या. हॉटिनच्या रेकॉर्ड त्याने त्यावर वाजवल्या आणि तेच मुद्रित केलं.

यातून काय होतं ते बघा. मिनिटाला ३३.३३ फेऱ्या, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. ट्रॅक १३३.३३ बीपीएमचा (मिनिटाला तेवढे ठोके) असेल तर एका फेरीत बरोबर चार ठोके बसतात. अशा वेळी सुयांमध्ये पाव फेरीचं अंतर ठेवलं तर उजव्या कानाला सगळं एक ठोका उशिरा मिळेल आणि किकवर (ड्रमच्या खालच्या ठोक्यावर) किक चपखल बसेल. सुई किंचित सरकवली की उशिरा आलेला हाय-हॅट (झांजेसारखा आवाज) दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतो. मुळात नसलेला एक डोल तिथे तयार होतो. एकही नवा आवाज न घालता लय बदलते! मला ही रेकॉर्ड मोठी वाटते ती यासाठी. रीमिक्स करणारा सहसा आपलं काहीतरी वरून आणतो. इथे दुसऱ्याची रेकॉर्ड इतकी बारकाईने ऐकली आहे की त्या ऐकण्यातूनच नवं संगीत झालं. हॉटिनच्या कोरड्या जाळीत अचानक डबची (घुमणाऱ्या प्रतिध्वनींच्या जमैकन संगीताची) खोली आणि ऊब येते.

निवांत :
हे भन्नाट आहे. पण मग नुसत्या डिलेने (आवाज थोड्या उशिराने पुन्हा ऐकवणाऱ्या इफेक्टने) हेच झालं नसतं का? आणि मूळ रेकॉर्ड आधी ऐकावी का?

तबकडीवेडा :
डिलेमध्ये सहसा मूळ आवाज पुढे असतो आणि त्याची प्रत मागे, हळूहळू विरत जाणारी. इथे दोन्ही बाजू सारख्याच ताकदीच्या, दोघीही खऱ्याखुऱ्या सुईने वाचलेल्या. त्यामुळे मूळ कुठलं आणि मागून आलेलं कुठलं हे थोड्या वेळाने कळेनासं होतं. 'कन्सेप्ट १' नंतर ऐका. आधी ऐकलीत तर कान फरक शोधत बसतील.

मंद्र :
मी थोडा असहमत. ब्रिंकमानकडे यायचं तर दार 'स्टुडिओ १ : वारिआत्सिओनेन'चं. वोल्फगांग फोग्ट या टेक्नो संगीतकाराच्या रेकॉर्डवर त्याने १९९७ साली हेच तंत्र वापरलं. फोग्टच्या मूळ ट्रॅकमध्ये डोलायला लावणारा ठेका आहे, त्यामुळे बदल पटकन कानात भरतो. ९६:व्हीआर नवख्याला एकसुरी वाटू शकते.

तबकडीवेडा :
मंद्र, ठेक्याबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि नाचायचं असतं तर मीही तेच सुचवलं असतं. पण निवांतना सलग बसून ऐकायचंय. 'कन्झ्यूम्ड'मधली रिकामी जागा ज्याला आवडली तो ९६:व्हीआरला कंटाळणार नाही.

खर्ज :
ब्रिंकमानची 'क्लिक' (२०००) पण यादीत टाका. त्यात त्याने रेकॉर्डच्या खाचांना चिरा पाडून ठोके बनवलेत.

निवांत :
आधी ९६:व्हीआर, मग मेत्री, मग स्टुडिओ १. सगळ्यांचे आभार.

तबकडीवेडा :
एकच विनंती. फोनच्या स्पीकरवर किंवा एकाच इअरफोनवर ऐकू नका, दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात किंवा एकच बाजू ऐकू येते आणि सगळी गंमत जाते. आणि 'मोनो ऑडिओ'ची सेटिंग चालू असेल तर आधी बंद करा.