पोटरीच्या स्नायूत रक्त किती पोचतं ते स्कॅनवर मोजता येतं का?

वाटसरू: बाबा ६८ वर्षांचे, शुगर जुनी. पाचेक मिनिटं चालले की पोटरीत गोळा येतो, उभे राहिले की दोन मिनिटांत जातो, परत चाललं की परत तेच. घोट्याचं आणि हाताचं बीपी घेऊन एबीआय (घोट्याचं बीपी भागिले हाताचं) काढला तर १.४५ आला, ओळखीतले एक म्हणाले १ च्या वर आहे म्हणजे झकास. मग दुखतंय कशानं? थेट स्नायूतलं रक्त मोजायची सोय आहे का?

जुनीपट्टी: १.४५ झकास वगैरे नाही हो. ०.९० किंवा कमी आला तर पायाच्या धमनीत अडथळा, पण १.४० च्या वर गेला की धमनीच कडक झालीय, बीपीच्या पट्ट्याने (कफने) दाबलीच जात नाही म्हणून आकडा फुगतो, शुगरवाल्यांत हे नेहमीचं. पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यायला सांगा, तिथल्या धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. त्याचं हाताच्या बीपीशी गुणोत्तर ०.७० च्या खाली आलं तर गडबड आहे.

चुंबकवाला: मोजता येतं, एमआरआयवर एएसएल म्हणून प्रकार आहे. रक्तातल्याच पाण्यावर रेडिओ लहरींनी खूण करायची, खुणेचं चित्र बिनखुणेच्या चित्रातून वजा करायचं, उरेल ते स्नायूत पोचलेलं रक्त. गॅडोलिनियम (एमआरआयआधी शिरेत देतात ते कॉन्ट्रास्ट औषध) टोचावं लागत नाही, त्यामुळे किडनी कमजोर असली तरी चालतं. पण नुसतं पडून असताना स्नायूला रक्त इतकं थोडं लागतं की सिग्नल नॉईजमध्येच बुडतो, म्हणून मांडीला कफ बांधून पाचेक मिनिटं रक्त अडवतात आणि एकदम सोडतात. धडधाकट पायात रक्त लगेच उसळतं, अडथळा असेल तर उसळी बुटकी आणि उशिरा. आणि मधेच पाय हलला की वजाबाकीचा पार बट्ट्याबोळ.

वाटसरू: कफ दुखतो का? बाबांच्या मांडीत स्टेंट आहे.

चुंबकवाला: मुंग्या येतात, पाय जड होतो. स्टेंटवर कफ नकोच, त्याऐवजी मशीनमध्येच पावलाने पेडल दाबायला लावतात. स्टेंट आहे हे एमआरआयवाल्यांना आधी सांगा मात्र.

जुनीपट्टी: हे सगळं अजून बरंचसं संशोधनातच चालतं, त्यासाठी बाबांना वणवण फिरवू नका. देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम विचारा, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. त्याने चालायचं अंतर वाढतं आणि एबीआय मात्र जवळपास होता तिथेच राहतो, म्हणजे फरक स्नायूत पडतोय आणि आपण मोजतोय घोट्याला! रात्री पडल्या पडल्या पाऊल दुखायला लागलं किंवा जखम भरेना तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

वाटसरू: टाचेला एक भेग आहे, महिना झाला. उद्याच नेतो.