ऊद एकट्यानेच शिकतोय, रास्तचा गंधार हाती लागत नाहीये – मदत हवी

खाडीपलीकडचा

मंडळी, आधी एक खुलासा. ऊद म्हणजे तिन्हीसांजेला निखाऱ्यावर घालतात तो नव्हे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, वाजवतोस काय? जाळतात तो!" अरबीत ऊद म्हणजे लाकूड. अगरूच्या सुगंधी लाकडालाही तेच नाव आणि या वाद्यालाही. पोट फुगीर, मान आखूड, डोकं मोडून मागे वळवल्यासारखं, आणि पडदे अजिबात नाहीत.

मी मस्कतला नोकरी करतो. लहानपणी सहा-सात वर्षं पेटी शिकलो, तेवढंच भांडवल. चार महिन्यांपूर्वी हौसेने बाजारातून एक ऊद घेतला, तो भिंतीवर टांगायचाच निघाला. तारा इतक्या उंच की डाव्या हाताची बोटं सोलली. मग गाव सोडून निघालेल्या एका सीरियन माणसाकडून वापरलेला घेतला, तो बरा आहे. अकरा तारा आहेत: पाच जोड्या आणि खर्जाची एक एकटी. खर्जाकडून सी, एफ, ए, डी, जी, सी अशा लावल्यात. शिक्षक नाही, कामाच्या वेळा विचित्र, म्हणून व्हिडिओ बघून चाललंय.

अजम हा मकाम (अरबी संगीतातला राग म्हणा) वाजतो, तो बिलावलच. कुर्दवर भैरवीची बोटं चालतात, हिजाझकारवर भैरवची. गाडी अडते ती रास्तवर. त्याचा गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, निषादाचंही तेच. माझं बोट आपोआप इकडे नाहीतर तिकडे घसरतं. चुकून जागेवर पडलं तरी ट्यूनरचा काटा लाल होतो, आणि मला वाटतं चुकलंच. पेटीवर वाढलेल्या कानाला हा स्वर कसा शिकवायचा?

शिवाय खुंट्या घसरतात, रोज. आणि रीशा (वाजवायची लांब पट्टी) दोन-चार मिनिटांत हातातून फिरते.

झिंझोटी

सरोद वाजवते, ऊद नाही, तेव्हा बेतानेच बोलते. दरबारीचा गंधार आठवा. पेटीवर तोही सापडत नाही, तरी आपण गातोच ना? कान शिकतो.

एक मात्र लक्षात ठेवा, सरोदवर आम्ही नखाच्या कडेने तार दाबतो, तुमच्याकडे बोटाचा मऊ भाग. सरोदवाल्यांचे व्हिडिओ बघून डावा हात बसवू नका.

अर्धवट इंजिनियर

दरबारीचं उदाहरण इथे उलटं पडेल हो. दरबारीचा गंधार कोमलच्याही खाली उतरतो. रास्तचा कोमलच्या वर आणि शुद्धच्या खाली. दरबारी डोक्यात ठेवून बोट टाकलंत तर आणखी लांब जाल.

आकडेमोड केली, कारण तेवढंच येतं. अरबी उदाची तार घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत (मानेच्या टोकाची, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात) साधारण ६१ सेंमी असते, तुमची मोजून बघा. रास्तचा सा सी धरला तर गंधार म्हणजे ई. मोकळ्या डी तारेवर ई कोमल येतो वरच्या पट्टीपासून ३.४ सेंमीवर, शुद्ध ई ६.७ वर, आणि बरोबर मधला ५.१ वर. म्हणजे दोन्हीकडे दीड-दीड सेंमीहून थोडी जास्तच जागा आहे. बोटाच्या रुंदीएवढी! हा काही केसाएवढा फरक नाही.

ट्यूनरला बाराच घरं माहीत, मधला स्वर आला की तो लाल होणारच. तुमचा लाल दिवा कदाचित बरोबर असल्याची खूण आहे.

जुनी बैठक

आखातात सतरा वर्षं काढली, त्यातली दहा-अकरा उदाबरोबर. इंजिनियरसाहेबांचे ५.१ हे पत्ता शोधायला ठीक, पण तिथे घर बांधू नका. सप्तकाचे चोवीस समान भाग करायचे की नाहीत यावर १९३२च्या कैरोच्या संगीत परिषदेत वाद झाले आणि एकमत झालं नाही. तुर्की शास्त्रात रास्तचा गंधार जवळजवळ आपल्या तंबोऱ्यातून ऐकू येतो तेवढा वर असतो, इजिप्तमध्ये तो खाली उतरतो. म्हणून आधी ठरवा, कोणाच्या कानाने शिकायचं. आज तुर्की व्हिडिओ, उद्या इजिप्शियन असं केलंत तर जन्मभर घसरत राहाल. तार अरबी लावली आहे, तर इजिप्तलाच धरा. रियाद अल-सुनबाती किंवा फरीद अल-अत्रश यांचे तक्सीम ऐका (तक्सीम म्हणजे आपल्या आलापाचा चुलतभाऊ). मुनीर बशीर यांच्या मागे आत्ताच लागू नका. वादक फार मोठे, पण तो इराकी ढंग, सुट्या (न चिकटवलेल्या) घोडीचा ऊद, लावणी वेगळी. तो रस्ता नंतरचा.

आता उपाय. महिनाभर रास्त वाजवू नका, गा. तंबोऱ्याचं ॲप पांढरी एकला लावा, सा-रे-ग, सा-रे-ग एवढंच. गळा त्या मधल्या जागेवर थांबायला लागला की बोट आपोआप येतं. दुसरी युक्ती: डी तारेवरचं तेच बोट बयाती या मकामात रिषभ होतं, कारण बयातीचा षड्ज डी. म्हणजे रास्तबरोबर हाही मकाम त्याच बोटात येतो, म्हणून आलटूनपालटून दोन्ही करा. बयातीत ते बोट रास्तपेक्षा किंचित खाली ठेवतात, हेही हळूहळू ऐकू येईल.

खुंट्यांना खडू लावा, आणि फिरवताना आत दाबत फिरवा. नुसतं फिरवून बसत नाही. एसीच्या झोताखाली ऊद ठेवत असाल तर आधी तो हलवा. रीशा मुठीत घट्ट धरू नका, तारांना जवळपास समांतर आडवी राहू द्या आणि मनगट सैल सोडा. जोडी बदलली की पहिला आघात खालीच. विकतची कडक वाटत असेल तर रुंद केबल टाय कापून घासा, आमच्याकडे निम्मे लोक तेच वापरायचे.

खाडीपलीकडचा

सगळ्यांचे आभार. तार मोजली, ६०.८ भरली. पेन्सिलने बारीक खूण केली होती, पण डोळा तिच्यावरच खिळतो, म्हणून पुसली. गायला सुरुवात केलीय. बायको म्हणते, पेटी परवडली.

काल ऑफिसातल्या इजिप्शियन सहकाऱ्याला सा-रे-ग गाऊन दाखवलं. तो म्हणाला, "थोडा खाली." परत गायलो. "आता जास्त खाली." पाचव्या वेळी नुसती मान हलवली. पण बरोबर असेल तेव्हा तो काय करतो, हे मला अजून ठाऊक नाही.

खडूने चार खुंट्या थांबल्या, एक नाही. तिला साबणही लावू का? आणि दिवाळीला पुण्याला यायचंय: विमानात ऊद न्यायचा तर तारा किती सैल सोडायच्या?

जुनी बैठक

साबण चालेल, कोरडा, अगदी नावाला. तारा दोन-तीन स्वर उतरवा, पूर्ण सोडू नका. आणि सामानात टाकू नका, आधी विचारून केबिनमध्येच न्या.