सामानाच्या कपाटाचं काय करायचं?

प्रेषक: सहल समिती

मंडळी, नमस्कार.

पुढच्या रानातल्या मुक्कामाची तयारी म्हणून काल मंडळाचं सामानाचं कपाट उघडलं. मागच्या वेळी पावसात भिजून परत आलो तेव्हा सगळे दमले होते. "आत टाका, नंतर बघू" असं ठरलं होतं. ते 'नंतर' काल उगवलं.

कुऱ्हाड तांबूस झालीय आणि पातं दांड्यावर खुळखुळतंय. चार सुऱ्यांपैकी चामड्याच्या म्यानातल्या दोन गंजल्यात, प्लॅस्टिकच्या म्यानातल्या दोन मात्र ठणठणीत आहेत. हे उलटं कसं झालं कळेना. मोठा तंबू उलगडताना चिकटपट्टी सोडवल्यासारखा आवाज करतो आणि त्याला आंबूस वास येतोय. स्लीपिंग बॅगा त्यांच्या छोट्या पिशव्यांत ठासून भरलेल्या आहेत.

माझं मत : सगळं काढून टाकू आणि नवं घेऊ.

---

प्रेषक: खजिनदार

नवं घ्यायला हरकत नाही, पण तेही त्याच कपाटात जाणार ना? आधी काकांना विचारा. त्यांची हयात यंत्रशाळेत गेली.

---

प्रेषक: काका

> सगळं काढून टाकू

थांब जरा. गंज वरवरचा असेल तर कुऱ्हाडीला काहीही झालेलं नाही. बारीक स्टील वूल आणि दोन थेंब तेल घेऊन घास, निघेल. खड्डे पडले असतील आणि ते धारेपर्यंत गेले असतील तरच काळजी.

धार लावायला विजेच्या सहाणेवर मात्र नेऊ नकोस. पातळ धार क्षणात तापते. ती निळी पडली की समजायचं, पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं आणि तिथलं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरलं. मग ती धार टिकत नाही, कितीही घासा. कानस घे, पातं शिकंज्यात धर, एकाच दिशेने रेट, परत येताना कानस उचलून घे. शेवटचा हात दगडाचा.

आता खुळखुळ. मला आठवतंय, मागच्या मुक्कामाला कुणीतरी कुऱ्हाड रात्रभर पाण्याच्या बादलीत उभी करून ठेवली होती. त्याने एक दिवस घट्ट बसते. लाकूड फुगतं, पण नेढ्यात (पात्याच्या ज्या भोकात दांडा बसतो तिथे) फुगायला जागा नसते, म्हणून त्याचे तंतू आतल्या आत चेपले जातात. वाळल्यावर ते आधीपेक्षाही आकसतं. जुनी पाचर काढून दांडा नीट बसवायचा आणि नवी पाचर ठोकायची, याला दुसरा इलाज नाही. दांडाच बदलायचा झाला तर त्याचं टोक बघून घ्या. लाकडाच्या रेषा धारेच्या दिशेने धावायला हव्यात. आडव्या असल्या की एखाद्या वाकड्या घावाला दांडा फुटतो. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण झाडांनी केलेली आहे. पातं उडालं तर आपल्या गोतालाही लागू होईल.

दांड्यावर वार्निश असेल तर खरवडून काढा (हाताला फोड येतात) आणि जवसाचं तेल चोळा. तेलाचा बोळा चुरगाळून डब्यात टाकायचा नाही. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. गोळा केलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. दोरीवर सुटं पसरून वाळवा. कपाटाजवळ तर अजिबात नको.

म्यानाचं कोडं सोपं आहे. चामडं ओल धरून ठेवतं, शिवाय कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात उरलेली असतात. प्रवासात म्यान ठीक आहे, पण कपाटात सुरी बाहेर आणि म्यान वेगळं.

---

प्रेषक: नवीन सभासद

नमस्कार, मी पहिल्यांदाच येणार आहे. माझी स्वतःची सुरी घ्यायचा विचार आहे. एक आवडली आहे : पात्याच्या पाठीला करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र, आणि मूठ पोकळ, आत काड्या-सुई-दोरा. चालेल ना?

---

प्रेषक: काका

नाही चालणार, बाळा.

मूठ पोकळ म्हणजे पातं मुठीच्या तोंडाशीच संपलं. सगळा जोर त्या सांध्यावर येतो आणि तिथेच ती तुटते. आपल्याला हवी न मिटणारी सुरी, पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली. पातं साधारण १० सेंटिमीटर, जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास. लांब पात्याने बारीक काम जमत नाही. पाठीला दात नकोत, कारण लाकूड चिरताना त्याच पाठीवर सोटा हाणायचा असतो. कापायला घडीची करवत वेगळी ठेव. ती बहुधा ओढताना कापते, ढकलताना रेटलीस तर पातं वाकेल.

पाठीच्या कडा मात्र काटकोनात, करकरीत असू देत. ठिणगीच्या कांडीवर त्याच घासायच्या असतात. गंमत बघ, आपल्या जुन्या चकमकीत गारेने पोलादाचे कण निघायचे आणि तेच पेटायचे. या कांडीत उलट, पेटतात ते कांडीचे कण. कांडीचा हा सिरियम-लोखंडाचा मिश्रधातू कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनज्ञाने १९०३ मध्ये काढला.

पोलाद कार्बनचं घे. धार पटकन लागते.

---

प्रेषक: ताई

काका, शेवटच्या ओळीशी मी सहमत नाही. कार्बनचं पोलाद तुमच्यासारख्या रोज पुसणाऱ्या माणसासाठी. आपलं कपाट बघता नव्या माणसाने स्टेनलेस घ्यावं. धार लावायला थोडा जास्त वेळ जाईल, पण लावायला सुरी तरी उरेल. आणि कांडीवर घासायला स्टेनलेसही चालतं, फक्त कडा तीक्ष्ण हवी.

आता कापडाचं. तंबू गेला, त्यावर उपाय नाही. आतून पॉलियुरेथेनचा थर असतो, तो ओलीने हळूहळू विघटित होतो. तोच चिकटपणा आणि तोच वास. घरी आल्यावर एक दिवस पसरून वाळवला असता तर वाचला असता, तेही सावलीत, कारण उन्हाने नायलॉन विरतं. वॉशिंग मशीनमध्ये तंबू कधीच नाही. स्पंज आणि पाणी पुरे.

स्लीपिंग बॅगा मात्र वाचतील. ऊब पिसांची नसते, पिसांमध्ये अडकलेल्या हवेची असते. महिनोन् महिने दाबून ठेवली की पिसं पुन्हा नीट फुगत नाहीत. आज रात्रीच सगळ्या बाहेर काढा आणि मोठ्या सुती पिशव्यांत सैल ठेवा. छोटी पिशवी फक्त वाटेत.

नव्या सभासदांसाठी : बॅगेवर दोन तापमानं छापलेली असतात. 'कम्फर्ट'वालं बघून घ्या. 'लिमिट' म्हणजे प्रमाण मानलेला पुरुष अंग मुडपून जेमतेम झोपू शकेल ते. मागच्या वेळी तीन जण तो आकडा वाचून आले आणि रात्रभर शेकोटीपाशी बसले. खालची चटईही तितकीच महत्त्वाची. अंगाखाली बॅग दबते, तिथे हवा उरत नाही, मग ऊब फक्त चटई देते. चटईची 'आर व्हॅल्यू', म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, बघा. एकावर एक दोन घातल्या तर त्यांची बेरीज होते.

आणि ज्यांचे चालायचे बूट पाच-सहा वर्षं खोक्यात "जपून" ठेवलेले आहेत, त्यांनी निघण्याआधी ते घालून घराभोवती चालून बघा. टाच आणि तळव्याच्या मधला मऊ थरही बऱ्याचदा पॉलियुरेथेनचाच असतो. न वापरताही तो भुगा होतो. माझा तळवा भर चढावर सुटला, मी दोरीने बांधून खाली उतरले. ओले बूट शेकोटीजवळ वाळवायचे नाहीत, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते बदलत राहा.

---

प्रेषक: नवीन सभासद

ताई, काका, आभार. स्टेनलेसच घेतो. पण धार कशी लावायची?

---

प्रेषक: काका

बरं, घे स्टेनलेस.

१००० नंबरचा दगड भिजवून घे. पात्याचा धारेकडचा उतार दगडावर पूर्ण टेकव, उचलू नकोस. एका बाजूने इतकं घास की पलीकडच्या कडेला टोकापासून मुठीपर्यंत बारीक खरखर लागेल. बोट धारेवरून लांबीने नाही, आडवं फिरवायचं. ही खरखर आली नाही तोवर दुसऱ्या बाजूला वळायचं नाही. नव्यांची सगळी चूक इथेच होते. मग दुसरी बाजू, मग ३००० चा, म्हणजे आणखी बारीक दगड, शेवटी जुना चामडी पट्टा. पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर पट्टा कापशील.

समक्ष दाखवतो. बोथट सुरी घेऊन ये, नवी नको.

---

प्रेषक: सहल समिती

ठरलं तर. शनिवारी सकाळी दहा वाजता कपाटापाशी. बाद फक्त तंबू, तो खजिनदारांच्या देखत टाकतो. कुऱ्हाडीची पाचर काका बसवतील. बादलीत ती मीच ठेवली होती, त्यामुळे दांडा घासायचं काम माझ्याकडे.

सुती पिशव्या पाच हव्यात, जुन्या उशांचे मोठे अभ्रेही चालतील. आणि कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे, कृपया कळवा. माझी कुलपात अर्ध्यावर अडकते. काका, तिथेही तेल लागेल बहुतेक.