मदत हवी आहे : तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलीला गावच्या शाळेत शिकवण्यासाठी शिक्षकांचे प्रशिक्षण कसे आखावे?

नमस्कार.

मी जिल्हा परिषद शाळांच्या एका केंद्राचा केंद्रप्रमुख आहे. आमच्या केंद्रातील एका द्विशिक्षकी शाळेच्या पटावर मेंदूचा पक्षाघात असलेली एक मुलगी आहे. तिला आधाराशिवाय बसता येत नाही, बोलता येत नाही आणि अधूनमधून फिट येते. मात्र बोललेले तिला समजते आणि ‘हो’ म्हणायचे असले की ती नजर वर नेते. आजवर तिचे शिक्षण घरीच होत आले. आता तिने इतर मुलांबरोबर रोज वर्गात बसावे, अशी आईवडिलांची इच्छा आहे.

कायद्याबाबत माझ्या मनात संदेह नाही. शिक्षणहक्क कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला, पण तो निवडण्याचा हक्क मुलाचा आहे, शाळेने तो परस्पर लादायचा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नेही 6 ते 18 वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे.

दोन्ही शिक्षकांनी तिला नाकारलेले नाही. ‘तिला काही झाले तर आम्ही काय करायचे?’ एवढेच ते विचारतात, आणि हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. आजवरच्या प्रशिक्षणांत अधिनियमातील दिव्यांगत्वाचे 21 प्रकार, त्यांची लक्षणे, प्रमाणपत्र, मदतनीस भत्ता अशी माहिती मिळाली. ती नोंदणीच्या कामी येते. परंतु मुलीला खुर्चीत कसे बसवावे, घास भरवताना मान कशी असावी, शौचालयात नेताना तिची लाज कशी राखावी आणि भागाकाराच्या तासाला तिला नेमके काय द्यावे, यांतले काहीही त्यातून हाती लागत नाही. फिट आल्यावर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे आणि झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास तातडीने दवाखान्यात न्यावे, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक हवे. आमच्याकडे अजूनही कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते.

म्हणून केंद्राची पुढची शिक्षण परिषद (केंद्रातील शिक्षकांची बैठक) त्याच शाळेत घेण्याचा विचार आहे. त्या मुलीची आई, गटातील विशेष शिक्षक आणि शक्य झाल्यास फिजिओथेरपिस्ट यांनी मार्गदर्शन करावे, असे मला वाटते; तिला उचलण्याची, भरवण्याची आणि तिच्याशी संवाद साधण्याची जी रीत आईने रोजच्या सरावातून बसवली आहे, ती शिक्षकांनी तिच्याकडूनच शिकावी. मात्र मुलीलाच सर्वांसमोर बसवून प्रात्यक्षिक करणे मला योग्य वाटत नाही. असे सत्र ज्यांनी घेतले आहे, त्यांनी मुलाचा सन्मान राखून हे कसे साधले?

दुसरा प्रश्न अध्यापनाचा आहे. नजरेने उत्तर देणाऱ्या मुलांसाठी चित्रफलक वापरताना सुरुवात किती चित्रांनी करावी, आणि बहुवर्ग अध्यापनात (एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवताना) शिक्षकाला तो चालवणे कसे जमते? ती परिपाठाला आणि गटकार्यालाही असावी, वर्गात नुसती कडेला बसून राहू नये, असा माझा आग्रह आहे. तिच्यासाठी पाठटाचणात वेगळे उद्दिष्ट लिहिणाऱ्या शिक्षकांनी एखाद्या घटकाचा नमुना दाखवल्यास फार मदत होईल.

तिसरी अडचण सत्रानंतरची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने 2022 साली प्राथमिक स्तरावर अशा 10 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवले. आमच्याकडील विशेष शिक्षकाला मात्र अनेक शाळा सांभाळाव्या लागतात. दोन भेटींच्या मधल्या काळात शिक्षकांचे अडलेले प्रश्न कोणी व कसे सोडवावेत, आणि शौचालयाच्या कामासाठी मदतनीस नसताना आईला दिवसभर शाळेत अडकवून न ठेवता आपण काय व्यवस्था केली, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे. गावातील सुताराकडून आधाराची खुर्ची करून घेतली असल्यास मापे कोणाच्या सल्ल्याने ठरवली, हेही कळवावे.